बोटीची बॅटरी बघायची ती मे महिन्यात

प्रश्न : आमचं गाव शिरोळ तालुक्यात, पंचगंगेकाठी. २०१९ च्या महापुरानंतर मंडळानं वर्गणी काढून आऊटबोर्ड इंजिनाची बोट घेतली. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर नवी बॅटरी टाकली. पाणी आलंच नाही, बोट शेडमध्येच राहिली. आता इंजिनाचा सेल (स्टार्टर) मारला तर नुसतं कटकट वाजतंय. मीटर मात्र बारा व्होल्ट दाखवतोय. न वापरता बॅटरी गेली कशी? थोडं ॲसिड घालून बघू का?

उत्तर : वापरली नाही म्हणूनच गेली. लेड-ॲसिड बॅटरी पडल्या पडल्या आपोआप उतरत असते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली तर जास्तच. उतरलेली तशीच महिनोन् महिने राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट धरतं, मग चार्जिंगला लावूनही ते नीट सुटत नाही. ट्रॅक्टरची बॅटरी चालती राहते म्हणून टिकते. पुराच्या बोटीला ते नशीब नाही.

बारा व्होल्ट म्हणजे भरलेली, हे डोक्यातून काढा. चार्जर काढून काही तास झाल्यावर भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.२ ला ती निम्मी असते. तुमच्या बारात जेमतेम पाव शिल्लक आहे. आधी ती पूर्ण चार्ज करा, मग एकानं सेल मारायचा आणि दुसऱ्यानं मीटर बघायचा. आकडा साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरीत दम नाही.

बुचं उघडणारी असेल तर हायड्रोमीटरनं, म्हणजे ॲसिडची घनता मोजायच्या नळीनं, बॅटरीतले सहाही सेल (कप्पे) तपासा. पाच सेलमध्ये घनता १.२६ च्या आसपास आणि एकात १.१५ आलं, तर तो सेल बसला. तिच्यावर आणखी पैसे घालू नका.

ॲसिड अजिबात घालू नका. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. डिस्टिल वॉटरच घाला. बोअरचं नको, तुमच्याकडच्या क्षारपड रानात ते उसालाही मानवत नाही! प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकंच पाणी आधी घाला, खुणेपर्यंत लागणारं बाकीचं पाणी चार्जिंग झाल्यावर. आधीच काठोकाठ भरलं तर चार्ज होताना ॲसिड उतू जातं. ८० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे क्षमतेच्या) बॅटरीला ८ अँपिअर पुष्कळ झाले. चार्जिंग मोकळ्या हवेत करा, जवळ विडी-काडी नको, हायड्रोजन निघतो.

बोट उभी असली की बॅटरी काढून घरात ठेवा. काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. दर महिन्याला चार्ज करा. फरशीवर ठेवली की उतरते म्हणतात, ते जुन्या रबरी डब्यांच्या काळातलं. प्लॅस्टिकच्या डब्याला काही होत नाही. टर्मिनलवर पांढरी बुरशी आली असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, सुकवा, क्लॅम्प आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. धुताना बुचं बंद हवीत, सोडा आत गेला तर ॲसिड मारतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो. पुरात बोट गल्लीबोळातून हळू चालते, दारोदारी इंजिन बंद-चालू होतं, वर सर्चलाईट. कमी आरपीएमला इंजिन बॅटरीला फारसं परत देत नाही. तेव्हा रात्री लाईटसाठी वेगळी बॅटरी ठेवा. इंजिन चालू असताना बॅटरीच्या वायरी मात्र काढू नका, रेक्टिफायर (इंजिनाची वीज बॅटरीजोगी करणारा भाग) जळतो.

कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीवर आलं की मग बॅटरी शोधत कोल्हापूर गाठू नका. ४३ ची धोका पातळी गाठायला पंचगंगेला फार वेळ लागत नाही, आणि तोवर रस्ते बंद होतात. मे संपायच्या आत तपासणी उरका. इंजिनाबरोबर हातानं ओढून चालू करायची दोरी आली असेल, तर ती बोटीतच ठेवा आणि मंडळातल्या दोघा-तिघांना ओढून बघायला लावा.