गोष्ट तोंडपाठ, तरी हात दुसऱ्याच्या प्लेटीत

"मॅडम, गोष्ट तर तोंडपाठ आहे याला, तरी काहून करतो असं?" ऑटिझम असलेल्या मुलांच्या आया हा प्रश्न मला सारखा विचारतात. चार लोकांत कसं वागायचं ते शिकवणाऱ्या चित्रांच्या गोष्टी नेटवर तयार मिळतात, प्रिंट काढायची नि वाचायची, मग अडतं कुठं? एक केस सांगते, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मुलगा सात वर्षांचा, चिंटू म्हणू. रविवारी बाबांसोबत तर्री पोहे खायला जायचा नि शेजारच्या अनोळखी माणसाच्या प्लेटीतला चिवडा उचलायचा, लोक बघत राहायचे, बाबा ओशाळायचे. आईने आणलेल्या गोष्टीत कँटीनमध्ये ट्रे घेतलेला सोनेरी केसांचा मुलगा, नि पानोपानी 'असं करायचं नाही'. चिंटू ते वाक्य मोठ्याने म्हणत म्हणतच चिवडा खायचा!

मग मीच एका रविवारी ठेल्यावर जाऊन उभी राहिले. लोकांच्या हातात पाच-सहा प्लेटा, सगळ्या सारख्या, कोणती कोणाची हे आपल्याला न सांगता कळतं पण त्याला कसं कळावं? रागावले सगळे होते, सांगितलं कोणीच नव्हतं.

अशा गोष्टींची पद्धत अमेरिकेतल्या कॅरोल ग्रे या शिक्षिकेने १९९१ च्या सुमारास सुरू केली, त्यात हुकूम कमी नि माहिती निदान दुप्पट असावी लागते. तशी गोष्ट आम्ही लिहिली नि मी हौसेने ठेल्याचे फोटो लावले. फोटोत ठेलेवाल्या भाऊंच्या डोक्यावर लाल टोपी होती, पुढच्या रविवारी टोपी नव्हती, म्हणजे चिंटूच्या हिशोबाने हा तो ठेलाच नाही, हात परत चिवड्यात. चूक माझी, काही मुलं फोटोतली बारीकसारीक गोष्टही धरून बसतात हे मला माहीत असायला हवं होतं.

मग आईने पेनाने साधी रेघांची चित्रं काढली (चित्रकला यथातथाच, पण चाललं). खाली लिहिलं: "ठेल्यावर खूप प्लेटा असतात. सगळ्या सारख्या दिसतात. ज्याच्या हातात प्लेट, त्याची ती प्लेट. माझी प्लेट बाबा माझ्या हातात देतात. तोवर मी चमचा धरून थांबायचा प्रयत्न करीन." शनिवारी रात्री नि निघायच्या आधी वाचायची, घोळ झाल्यावर कधीच नाही, नाहीतर गोष्ट म्हणजे शिक्षा होऊन बसते. सोबत आणखी एक गोष्ट, चिंटू घरच्या चपला किती छान रांगेत लावतो त्याची. ती त्याला जास्त आवडायची, साहजिकच आहे.

पहिले तीन रविवार काही फरक नाही. चौथ्याला हात निघाला, अर्ध्यात थांबला, नि त्याने चमचा घट्ट धरला.

आता मामाचं लग्न आलंय नि घरी पंगत आहे. तिथे ताट हातात नसतं, समोर मांडलेलं असतं, त्यामुळे आई परत पेन घेऊन बसलीय.