खुनाच्या गोष्टी वाचून मजा कशी काय येते?

तुमच्या प्रश्नात एक टोचणी आहे: 'माणसाचा जीव जातो आणि लोक पांघरुणात शिरून ते चवीनं वाचतात, हे विचित्र नाही का?' विचित्र आहे, नाही म्हणत नाही. पण मजा प्रेतात नसते. ती कशात असते, हे मला आत्यामुळे कळलं.

आत्याची नजर अधू झाल्यावर दोनेक वर्षं मी तिला संध्याकाळी रहस्यकथा वाचून दाखवायचे. मनात वाचताना आपण वर्णनं बिनदिक्कत गाळतो. मोठ्यानं वाचताना ती गाळता येत नाहीत, आणि लेखकानं हातचलाखी नेमकी तिथेच केलेली असते. समजा, मेलेल्या माणसाच्या टेबलावर सात वस्तू आहेत. कामाची वस्तू पहिली नसते, शेवटचीही नसते. ती मध्ये कुठेतरी दडवलेली असते, आणि यादी संपते न संपते तोच बाहेरून किंकाळी ऐकू येते. आपण किंकाळीमागे धावतो आणि टेबल विसरतो. आत्या विसरायची नाही. "थांब, घड्याळाचं काय म्हणालीस मघाशी?" तिचा आणखी एक ठोकताळा होता: लेखिका ज्याच्याशी फारच गोड वागतेय, त्याच्यावर डोळा ठेवायचा. निम्म्याहून जास्त वेळा ती जिंकायची. पण खरी खूश व्हायची हरल्यावर. "फसवलं मेलीनं! मागे जा, ते पान काढ." मग तेच पान पुन्हा वाचायचं, आणि तेच वाक्य आता भलतंच काही सांगत असायचं.

माझ्या मते या वाचनाचा गाभा हाच आहे: सगळं डोळ्यांदेखत ठेवून फसवलं जाणं. त्यासाठी लेखकानं प्रामाणिक असावं लागतं. रोनाल्ड नॉक्स नावाच्या धर्मगुरूनं (तोही रहस्यकथा लिहायचा) 1929 मध्ये दहा नियमच घालून दिले. कुणाला ठाऊक नसलेलं विष वापरायचं नाही, चोरवाट एकाहून जास्त नको, जुळा भाऊ ऐनवेळी उपटता कामा नये, आणि गुप्तहेराच्या मित्राची अक्कल वाचकापेक्षा किंचित कमी हवी. शेवटचा नियम मला फार आवडतो, वाचकाची एवढी काळजी कोण घेतं? 1930 मध्ये लंडनच्या रहस्यकथाकारांनी डिटेक्शन क्लब काढला. दैवी साक्षात्कार किंवा निव्वळ योगायोग यांवर गुन्हा उलगडणार नाही, अशी शपथ तिथे घ्यावी लागायची. शपथविधीला एक कवटीही असे.

नियम मोडले म्हणून भांडणंही झाली. अगाथा ख्रिस्तीच्या 1926 च्या 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड'वर 'हा रडीचा डाव' अशी ओरड झाली होती. मी ते दोनदा वाचलंय, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. डाव रडीचा नाही. (खुनी कोण ते सांगणार नाही. कुणी सांगू लागलं तर कानांवर हात ठेवा.) या बाईंना विषांची जाण होती ती पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषध विभागात काम केल्यामुळे. त्यांच्या 1920 च्या पहिल्याच कादंबरीतलं रसायनशास्त्र इतकं चोख होतं, की औषधशास्त्राच्या नियतकालिकानं कौतुक केलं. ते परीक्षण त्यांना कायम मिरवावंसं वाटायचं.

आता ज्याला 'कोझी' म्हणतात तो प्रकार. लहान गाव, रक्त पडद्याआड, तपास करणारी एखादी विणकाम करणारी म्हातारी. लोक याला बाळबोध म्हणतात. पण ख्रिस्तीची मिस मार्पल खुनी कशी ओळखते ते पाहा: त्याला बघून तिला गावातल्या कुठल्याशा लबाड पोऱ्याची आठवण होते. म्हणजे तिच्या लेखी खुनी हा राक्षस नसतोच, तो आपल्या ओळखीचा असतो. यात बाळबोध काय आहे? रिचर्ड ऑस्मनच्या 2020 च्या कादंबरीतही वृद्धांच्या वसाहतीतले चौघे दर गुरुवारी जुन्या खुनांचा कीस काढतात. विनोद भरपूर आहे, पण त्यातल्या एकीच्या नवऱ्याची स्मृती हळूहळू चालली आहे, आणि पुस्तक मिटल्यावर मनात तेच राहतं.

कवी ऑडन यानं 1948 च्या एका निबंधात कबूल केलं होतं, की रहस्यकथा हे त्याचं तंबाखू-दारूसारखं व्यसन आहे. खुनी सापडला की बाकी सगळे निर्दोष ठरतात, आणि वाचकही आपल्या अपराधीपणातून सुटल्यासारखा होतो, असं त्याचं म्हणणं. ते मला पटतं. मात्र एकदा वाचलेली गोष्ट त्याला पुन्हा वाचावीशी वाटत नसे, हे काही पटत नाही. निम्मी मजा घालवली की त्यानं.

काळ्या विनोदाच्या खूनकथेत तर ही सुटकाच मिळत नाही, कारण तिथे लेखक आपली खुर्ची हलवतो. कोझीमध्ये आपण तपास करणाऱ्याशेजारी बसलेलो असतो, इथे खुन्याच्या शेजारी. फ्रान्सिस आइल्स या टोपणनावानं 1931 मध्ये आलेल्या 'मॅलिस अफोरथॉट'च्या पहिल्याच वाक्यात कळतं, की एका डॉक्टरनं बायकोला मारायचं ठरवलंय, पण ठरवून कित्येक आठवडे झाले तरी त्यानं काहीच केलेलं नाही. खुनाचीही चालढकल! थॉमस डी क्विन्सी या इंग्रज लेखकानं 1827 मध्ये खुनाला ललितकला मानणारा उपरोधिक निबंध लिहिला होता. 1839 च्या पुढच्या भागात तो बजावतो, की खुनापासून सुरुवात केली तर माणूस घसरत घसरत चोरीवर, मग दारूवर आणि शेवटी उद्धटपणा व चालढकलीवर येतो. आइल्सचा डॉक्टर चालढकलीपासूनच सुरुवात करतो.

हे पुस्तक मी आत्याला मराठी करत करत सांगितलं. बायको डॉक्टरचा चारचौघांत पाणउतारा करते, तो निमूट ऐकून घेतो. आत्या खुदुखुदु हसत होती. पुढे पोलीस त्याच्या दारापर्यंत येतात, तेव्हा ती पुटपुटली, "सापडू नये गं हा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काय बोलले मी हे?"

शेवट ऐकून तिनं विचारलं, याचं आणखी आहे का. होतं, 1932 चं. त्यात खुर्ची आणखी सरकवलेली आहे: आपण त्या बाईशेजारी बसतो, जिला हळूहळू कळतंय की आपला नवरा खुनी आहे आणि आता पाळी आपली आहे. ते ऐकताना आत्या एकदाही हसली नाही, आणि मला एकाही संध्याकाळी सुट्टी दिली नाही.