अँबॅसेडरमध्ये इंजिन-गिअरबॉक्स बदलल्यापासून ताशी ७० ला थरथर. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्समधून मागच्या ॲक्सलला ताकद नेणारा दांडा) बॅलन्स केला तरी जात नाही. काय तपासू?

शाफ्ट पुन्हा बॅलन्सला देऊ नका, आधी कोन मोजा. मोकळ्या रस्त्यावर ७० ला न्यूट्रल करा. थरथर तशीच राहिली तर दोष इंजिनात नसून गिअरबॉक्सच्या मागे आहे. गाडी चाकांवरच उभी ठेवा (जॅकवर ॲक्सल लोंबकळतो, माप चुकतं) आणि गिअरबॉक्सचा आउटपुट, शाफ्ट व डिफरन्शियलचा पिनियन (मागच्या ॲक्सलमधला, शाफ्टला जोडलेला दातेरी दांडा) यांचे कोन घ्या. आउटपुट आणि पिनियन समांतर हवेत, शाफ्टशी दोघांचाही कोन ३ अंशांच्या आत. तसं नसेल तर शाफ्टच्या एका फेऱ्यात पिनियनचा वेग दोनदा कमीजास्त होतो. बॅलन्सिंगने ते कसं जाणार? गिअरबॉक्सच्या माउंटिंगखाली पॅकिंग किंवा पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) ॲक्सलखाली पाचर देऊन जुळवा. मात्र पाट्यांच्या गाडीत जोर लागला की पिनियनचं तोंड वर उचलतं, म्हणून उभ्या गाडीत ते समांतरपेक्षा १-२ अंश खालीच ठेवा. शाफ्टची दोन्ही योक (टोकांचे काटे) एका रेषेत आहेत ना, तेही बघा.