जुनं पिनबॉल घेताय? आधी खिळे बघा

पिनबॉल म्हणजे उतरत्या फळीवर चेंडू सोडून खिळ्यांमधून भोकांत पाडायचा, नाण्यावर चालणारा खेळ. त्याचं पहिलंच मशीन घेताय तर १९३१-३२ च्या काळातलं, टेबलावर ठेवायचं, बिनविजेचं घ्या. गॉटलिब कंपनीचं 'बॅफल बॉल' किंवा बॅली कंपनीचं 'बॅलीहू'. बॅलीहू तेव्हा १६ डॉलरला मिळायचं आणि एका सेंटच्या नाण्यावर चालायचं. फ्लिपर, म्हणजे चेंडू परत वर उडवणारे दांडे, शोधू नका, ते १९४७ च्या 'हम्प्टी डम्प्टी'पासून आले. इथे तुमच्या हातात फक्त स्प्रिंगचा दांडा. गुणही आपणच मोजायचे.

विकणारा रंगाचं कौतुक करेल. तुम्ही खिळ्यांकडे बघा. सगळा खेळ त्यांच्यात आहे. एखादा खिळा केसभर वाकला तरी चेंडू दुसऱ्याच भोकाकडे वळतो. म्हणून वाकडे दिसले की लगेच हातोडी घेऊ नका. आधी पाणसळ (स्पिरिट लेव्हल) लावून मशीन डावी-उजवीकडे समतल करा, पुढचा उतार तसाच ठेवा आणि मनसोक्त खेळून बघा. एकाच जागी चेंडू हटकून अडकला, तरच तो खिळा पकडीने अलगद सरळ करा.

मग नाणं ठेवून ढकलायची पट्टी आत ढकला. खालची फळी सरकून भोकांतले चेंडू खाली पडले पाहिजेत. अडलं तर जोर नको, बहुतेकदा जुन्या तेलाचा चिकटा असतो. स्पिरिटने पुसा, नवं तेल ओतू नका, ते लाकडात मुरतं. आणि पृष्ठभागाला पॉलिशपेपर अजिबात लावू नका. तो मूळ रंग परत मिळत नाही.

फुटलेली काच काढलीत तर तिचा तुकडा नव्या काचेच्या मापासाठी जपून ठेवा.