बार्सिलोनाला निघण्याआधी कातालानची परीक्षा द्यावी का?

नवऱ्याला बार्सिलोनात नोकरी लागलीय, मुलगा दुसरीत आहे. तिथल्या स्थानिक भाषेच्या, म्हणजे कातालानच्या, परीक्षेचं स्वरूप कसं असतं आणि ती पुण्यातूनच द्यावी का, असं तुम्ही विचारलंत. उत्तर सरळ आहे. तिथून देऊ नका; नोकरीवर येणाऱ्या कुटुंबाला राहण्याच्या परवान्यासाठी ती लागत नाही. इथेच थांबणार होते, पण 'मुलगा दुसरीत' हे वाचलं आणि राहवलं नाही.

आधी परीक्षा. ए२ (प्राथमिक) ते सी२ (सर्वांत वरची) अशा पातळ्या, तारखा, शुल्क, नमुना प्रश्नपत्रिका हे सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे, ते मी लिहीत बसत नाही. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं हा गाभा. वर जाल तसं व्याकरणाला वेगळं तोंड द्यावं लागतं. निकाल 'आप्ते' किंवा 'नो आप्ते', म्हणजे पात्र किंवा अपात्र. टक्केवारीवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना सुरुवातीला चुकल्यासारखं होतं.

ऐकण्याच्या भागात स्पॅनिश येणारेही अडखळतात. बार्सिलोनाच्या बोलीत आघात नसलेला 'ओ' हा 'उ' होतो, 'ए' आणि 'आ' दोन्ही आपल्या 'अ'च्या जवळ जातात. मोन्सेरातचा डोंगर ऐकू येतो 'मुन्सर्रात'. मराठी जिभेला हा 'अ' अजिबात जड नाही. जड जातात ती 'एन्' आणि 'ई' ही चिमुकली सर्वनामं. ती वाक्यात कुठे बसवायची हे मला अजूनही विचार करून ठरवावं लागतं. आणि जुनी व्याकरणाची पुस्तकं स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. अर्थ वेगळे करण्यासाठी शब्दांवर असलेली बहुतेक आघातचिन्हं नव्या शुद्धलेखनाने काढून टाकली, २०१७च्या पुस्तकात फक्त १५ शब्दांवर ठेवली. आपल्याकडे १९६२च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, तसंच.

वर्ग इथे आल्यावर लावा. सुरुवातीचे सरकारी वर्ग फुकट असतात, पण जागा बघता बघता भरतात. त्याआधी 'पाद्रो', म्हणजे नगरपालिकेत पत्त्याची नोंद. शाळा, दवाखाना, सगळं त्या कागदावर अडतं आणि काही घरमालक भाडं घेतात पण नोंद करू देत नाहीत. आमचा तसाच होता. करारावर सही करण्याआधी हा प्रश्न विचारा, घर कितीही आवडलेलं असो.

खरी अडचण परीक्षेत नाही, रस्त्यावर आहे. मी कातालानमध्ये पाव मागते आणि समोरची बाई माझा चेहरा बघून स्पॅनिशमध्ये उत्तर देते. तिच्या मते ती माझी सोय करत असते. चिडणार तरी कशी? सोसायटीच्या बिहारी वॉचमनला मराठी कळत असली तरी आपण त्याच्याशी हिंदीच बोलतो ना! यावर इथे एक चांगली सोय आहे: एक स्थानिक स्वयंसेवक आठवड्याला तासभर तुमच्याशी फक्त कातालानमध्ये गप्पा मारतो, निदान दहा तास. मला एक निवृत्त बाई मिळाल्या. सुनेबद्दलच्या तक्रारी कळायला लागल्या तेव्हा समजलं की बी१ आता फार लांब नाही.

एकटेपणाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही. असतो. पुढे.

आता मुलाचं. सरकारी शाळेत शिकवणं मुख्यतः कातालानमध्ये, नव्याने आलेल्या मुलांना दिवसातले काही तास वेगळ्या वर्गात भाषा शिकवतात. कल्पना चांगली आहे. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची, गणितात हुशार, पण शाब्दिक उदाहरणं कोरी सोडायची. पालकभेटीत मला काही कळत नाही म्हटल्यावर बाईंनी तिलाच दुभाषी केलं. "मी लक्ष देत नाही, असं बाई म्हणतात," हे तिने मला मराठीत सांगितलं, मान खाली घालून. पुढे मी वर सांगितलेली नव्हे, तर भाषाशाळेची वेगळी परीक्षा दिली, तेव्हा चार भागांच्या जोडीला पाचवा निघाला: एकाचं म्हणणं दुसऱ्याला आपल्या शब्दांत पोचवणं. त्याला चक्क गुण होते. उत्तीर्ण झाले, आनंद झाला नाही. घरी आल्यावर मुलीने कातालानमध्ये अभिनंदन केलं. आता माझ्या मराठी प्रश्नांनाही ती त्याच भाषेत उत्तर देते. मी ही भाषा तिच्यामागे धावत शिकले, तिच्या लेखी मी अजून परकी बोलते. यात दोष कुणाचा हे ठरवायचं मी सोडून दिलंय, राग मात्र गेलेला नाही.

तेव्हा पहिल्या पालकभेटीआधी शाळेला लेखी कळवा की दुभाषा हवा. तशी सोय असते, पण मागावी लागते. मुलाला मध्ये बसवू नका, तो कितीही पटकन भाषा शिकला तरी. तुमच्यापुरतं आधी स्पॅनिश घ्या, बँकेत आणि घरमालकाशी भांडायला तीच कामी येते. कातालान सहा महिन्यांनी सुरू केलीत तरी चालेल.