‘लाइन गेली’ इंग्रजीत चालेल का?

तुमचा प्रश्न असा: पुण्याहून नागपूरला आलो, इथे वीज गेली की शेजारी ‘लाइन गेली’ म्हणतात, ऑफिस सिव्हिल लाइन्सला, कॉलेजची पोरं लाइन मारतात, मग इंग्रजीत या लाइनचे अर्थ तरी किती?

मोजत बसू नका, मूळ धरा. आपण ज्याची चटणी करतो त्या जवसाला लॅटिनमध्ये लिनम म्हणतात. त्याच्या धाग्याचं कापड ते लिनन, आणि तो धागा किंवा दोरी म्हणजे लिनिया. तीच पुढे लाइन झाली. बांधकामावर बघा, मिस्त्री दोन टोकांना खिळे ठोकून सूत ताणतो आणि त्याच्या धारेला वीट लावतो. त्या सुताला आपले मिस्त्रीही लाइनदोरीच म्हणतात. बाकीचं सगळं या ताणलेल्या दोरीतून निघालंय. मासे पकडायची दोरी लाइन, कपडे वाळत घालायची लाइन, टेलिफोनची तार लाइन. दोरीसारखी सरळ खूण ती रेघ, सरळ उभी माणसं ती रांग (अमेरिकेत लाइन, इंग्लंडात मात्र क्यू), कवितेची ओळ, नटाचे संवाद. कोटाला आतून लिननचं अस्तर लावायचे, म्हणून अस्तर ते लायनिंग. शिंपी हा शब्द रोज वापरतो, पण त्याचा जवसाशी संबंध असेल हे कोणाच्या डोक्यातही येत नाही.

सिव्हिल लाइन्स ही छावणीची भाषा. फौजेच्या बराकी रांगेने असत, त्या लाइन्स. मुलकी साहेबांच्या बंगल्यांची वस्ती ती सिव्हिल लाइन्स. विधानभवन, हायकोर्ट तिकडेच. टाकळीची पोलीस लाइन त्याच घराण्यातली. मेट्रोच्या ऑरेंज आणि ॲक्वा लाइनचा अर्थ मार्ग. दोन्ही सीताबर्डीला एकमेकींना छेदतात.

डेडलाइन शब्दाचा जन्म मात्र भयंकर आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1864 मध्ये, अँडरसनव्हिलच्या कैदी छावणीत कुंपणाच्या आत एक हद्द आखली होती. ती ओलांडणाऱ्याला पहारेकरी गोळी घालत. जीएसटी भरायच्या शेवटच्या तारखेला सीए लोकांचे चेहरे पाहिले की वाटतं, फार काही बदललं नाही.

आता तुमचं ‘लाइन गेली’. विजेची तारही लाइनच, ती दुरुस्त करतो तो लाइनमन, त्यामुळे आपलं म्हणणं काही चूक नाही जी. फक्त परदेशी साहेबाशी फोनवर बोलताना ते जसंच्या तसं इंग्रजीत टाकू नका. त्याला वाटेल फोन कट झाला, आणि तो ‘हॅलो, हॅलो’ करत बसेल. तिथे ‘पॉवर कट’ म्हणा.

आणि लाइन मारणं ही आपली देशी कमाई. त्याचं शब्दशः इंग्रजी करून कोणाला सांगू नका, काही कळणार नाही. तिथे ‘फ्लर्ट’ म्हणा.