"मॅडम, पांढऱ्या पेशी वाढल्यात"

"म्हणजे ब्लड कॅन्सरच ना?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे; इतक्या जणांकडून तो ऐकला आहे की एकाचा अनुभव लिहावासा वाटला. ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

चाळिशीचे गृहस्थ. आकडा १३,८००. मोठ्या माणसांत साधारण ४,००० ते ११,००० असतो. झोप उडालेली, आणि बोलताना हात सारखा मानेकडे. गाठ आहे का, हे दिवसातून वीस-पंचवीसदा चाचपायचे. "दुखतंय, म्हणजे काहीतरी आहेच."

दुसऱ्या भेटीत म्हटलं, "रिपोर्ट मोठ्याने वाचा."

ते थेट ठळक आकड्यावर गेले.

"तिथून नाही. पहिल्या ओळीपासून."

हिमोग्लोबिन १४.१. प्लेटलेट्स २ लाख ६० हजार. दोन्ही ठीक. वाचत वाचत तळाच्या शेऱ्यापाशी आले : स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या रक्तात, अपरिपक्व पेशी (ब्लड कॅन्सरमध्ये दिसू शकणाऱ्या, पूर्ण न वाढलेल्या) दिसल्या नाहीत. थांबले. पुन्हा वाचलं. "हे मी पाहिलंच नव्हतं." दोन आठवडे खिशात राहून तो कागद घड्यांवर विरला होता!

"काही होणार नाही" असं घरचे रोज सांगत होतेच. धीराची कमतरता नव्हती. नजर एका ओळीत अडकली होती. तीच सोडवायची असते, असं मी वर्षानुवर्षं मानत आले आहे.

मग विचारलं, "तपासणीआधी औषधं कोणती चालू होती?"

"दमा उसळला होता. पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या."

हे डॉक्टरांना विचारा, म्हणून कागदावर लिहून दिलं. उत्तर मिळालं : रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेल्या पेशी स्टेरॉइडमुळे सुटून प्रवाहात येतात, म्हणून मोजणीत जास्त दिसतात. डॉक्टरांनी मानही तपासली. गाठ नव्हती.

पेशी वाढण्याचं सर्वांत नेहमीचं कारण संसर्ग. शिवाय सूज, जखम, धूम्रपान, गरोदरपण, जोराचा व्यायाम, तीव्र ताणसुद्धा. नुसत्या एकूण आकड्यावर जाऊ नका, कोणत्या पेशी वाढल्या ते विचारा : न्यूट्रोफिल बहुधा जिवाणूंच्या संसर्गात, लिम्फोसाइट विषाणूंच्या, इओसिनोफिल अ‍ॅलर्जीत किंवा जंतांमुळे. मात्र आकडा फारच मोठा असेल, पुन्हा तपासूनही उतरत नसेल, सोबत हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट्स घसरल्या असतील, ताप हटत नसेल, रात्री घामाने कपडे भिजत असतील, वजन आपोआप घटत असेल, अंगावर निळे डाग उठत असतील, तर माझ्याकडे नंतर या, आधी डॉक्टरांकडे जा.

त्यांना मी एकच गृहपाठ दिला. चार दिवस मान चाचपायची नाही. पाचव्या दिवशी फोन आला, "दुखायचं थांबलं." दाबून दाबूनच ती हुळहुळी झाली होती.

डॉक्टरांनी तीन आठवड्यांनी सांगितलेल्या तपासणीत आकडा ८,९०० आला. तो रिपोर्ट त्यांनी मला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. मग हळूच विचारलं, "पुढच्या आठवड्यात परत करून घेऊ?"

"डॉक्टरांनी सांगितलंय?"

"नाही."

हात मानेकडे निघाला होता. अर्ध्या वाटेवरून त्यांनी तो मांडीवर परत ठेवला.